बोरकुटेचा पाव सेकंद

पुणे एकचित्त हा बास्केटबॉलचा संघ खुद्द पुण्यातही फारसा कुणाला आवडत नसे. बाकी महाराष्ट्राचं तर विचारायलाच नको. एका उद्योगसमूहाने देशातले सगळ्यात चांगले पाच खेळाडू उचलून एका संघात आणले, तेव्हा लोकांनी नुसती नाकं मुरडली होती. पण मग त्या पाच जणांच्या कमरेला पट्टे आले आणि सामने बघण्यातली मजाच संपली. समोरचा खेळाडू डावीकडे वळायच्या आत एकचित्तचा माणूस डावीकडे येऊन उभा असायचा. तुम्ही पास द्यायला हात उचलावा, तर तिथे आधीच कुणाचा तरी पंजा. प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत उठून वडापाव खायला जायचे.

तीन हंगामांत हा संघ एकदाच हरला. तो नागपुरात, सातपुडा संघाकडून, आणि त्याला कारण होता मयूरेश बोरकुटे.

मयूरेश सदतिसाव्या वर्षीही सातपुड्याचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल खेळवणारा खेळाडू होता. दोन्ही गुडघे कुरकुरत होते, केस मागे सरकले होते, आणि इतकी वर्षं खेळूनही करंडकाला त्याचा हात लागला नव्हता. तरी नागपूरचा तो लाडका होता. त्याच्या दोन गोष्टी प्रसिद्ध होत्या. एक, त्याचा खेळ. दुसरी, त्याला काहीही ठरवता येत नसे ही. हॉटेलात त्याची ऑर्डर संघातले इतर जण देत. केतकीचं स्थळ आलं तेव्हा होकार कळवायला त्याने इतका वेळ लावला, की शेवटी केतकीनेच त्याच्या आईला फोन करून त्याचा होकार कळवला होता.

मैदानावर हाच गुण कामी यायचा. बॉल घेऊन तो हवेत उडी मारायचा, आणि आता शॉट मारायचा की पास द्यायचा हे त्याचं त्यालाच माहीत नसायचं. खाली येता येता काहीतरी व्हायचं. क्रीडा पत्रकार त्याला जादू म्हणत. केतकी म्हणे, "जादू कसली? घरी चालतं तेच."

त्या सामन्यानंतर तीन महिन्यांनी एकचित्तच्या मुख्य शास्त्रज्ञ डॉ. ईशानी खाडिलकर नागपूरला थेट बोरकुट्यांच्या घरी आल्या. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, बोलताना समोरच्याच्या खांद्यांकडे बघायची सवय असलेल्या. केतकीने पोहे पुढे केले.

"तुम्ही आमची यंत्रणा आजारी पाडलीत," त्या मयूरेशला म्हणाल्या. "रागावू नका, कौतुकानंच म्हणतेय."

"मी काय केलं?"

"तेच शोधायला तीन महिने लागले. हा चमचा उचला बरं." त्याने उचलला. "आता बघा, तुमचा हात हलायच्या आधी तुमची पाठ आणि पोटरी हलली. हात पुढे गेला की तोल जातो, म्हणून शरीर आधीच सावरून बसतं. प्रत्येकाचं असंच असतं. मेंदू हाताला हुकूम सोडतो, त्याच्या आधी पायांना सावध करतो. आपल्याला ते कळत नाही. आमच्या कॅमेऱ्यांना कळतं. साधारण पाव सेकंद आधी. तेवढ्यात आमच्या खेळाडूच्या पट्ट्यात डावीकडे किंवा उजवीकडे टकटक होते, आणि त्याचं शरीर विचार न करता तिकडे वळतं."

"म्हणजे मनातलं ओळखता?" केतकीने विचारलं.

"छे. मन वगैरे आम्हाला काही दिसत नाही. फक्त पोटरी दिसते." त्यांनी पोह्यांचा घास घेतला. "अडचण अशी, की यांची पोटरी दोन्हीकडची तयारी करते. शॉटचीही आणि पासचीही, एकाच वेळी, अगदी शेवटपर्यंत. आमच्या मुलांच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंनी टकटक झाली. दोघं एकमेकांवर आपटले. एकाचा दात गेला."

"हो, तो दात आमच्या क्लबात काचेच्या पेटीत ठेवलाय," मयूरेश संकोचून म्हणाला.

डॉक्टरबाईंनी मग खरं काम काढलं. संघाला मयूरेश हवा होता. पुढच्या हंगामासाठी, मागेल त्या अटींवर. आणि एकचित्त जिंकणार यात तर कुणालाच शंका नव्हती. करंडक जवळजवळ घरी आल्यासारखाच.

मयूरेशने केतकीकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पोह्यांकडे.

"महिनाभर नुसते सरावाला या," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांना माणसाचा अंदाज आला होता. "मग ठरवा."

"हे बरं आहे," मयूरेश घाईने म्हणाला. ठरवणं पुढे ढकलायला मिळतंय म्हटल्यावर तो नेहमीच तत्पर असे.

बातमी दुसऱ्याच दिवशी फुटली. त्याच्या नेहमीच्या पोह्यांच्या गाडीवाल्याने त्याला वरची झणझणीत तर्री न घालता पोहे दिले, आणि नागपुरात यापेक्षा मोठा अपमान नाही. केतकीचं धरमपेठेत चष्म्याचं दुकान होतं. तिथे एक आजोबा येऊन चष्मा परत करायला लागले. का, तर याच चष्म्यातून त्यांनी मयूरेशचा खेळ पाहिला होता आणि आता तो नाकावर ठेववत नाही.

"काका, नंबर बदलला असेल," केतकी शांतपणे म्हणाली आणि तपासून बघितला. बदललाच होता. आजोबा नवा चष्मा घेऊन गेले.

मयूरेशला वाटत होतं, केतकी तरी 'जाऊ नको' म्हणेल आणि प्रश्न सुटेल. ती म्हणाली, "जा ना. एकदा तरी जिंक. लोकांचं काय, चार दिवस बोलतील." प्रशिक्षक डोंगरे सरांकडे गेला, तर तेही म्हणाले, "तुझ्या जागी मी असतो तर गेलो असतो. पट्टा बांधून घे आणि करंडक घेऊन ये. मला नुसता बघायचाय जवळून." सगळेच इतके समजूतदार वागले, की बिचाऱ्याला रात्री झोप लागेना.

एकटा शार्दूल नंदनवार तेवढा भडकला. शार्दूल सातपुड्याचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळचा खेळाडू, सहा फूट नऊ इंच उंच, आणि पळायचा प्रचंड कंटाळा असलेला. सात वर्षं दोघं एकत्र खेळत होते आणि सात वर्षं भांडत होते.

"जाऊन राहिला का बे तिकडे?" तो म्हणाला. वयाने लहान असूनही तो रागावला की 'दादा' विसरायचा. "तिथे तुले पास कोण मागंन? मी तर गळा फाटेपर्यंत ओरडतो, तरी तू देत नाही!"

"तू मागे राहतोस, म्हणून देत नाही. पळत जा जरा."

"पळायले तू आहे ना!"

नेहमीसारखं भांडण झालं, आणि मयूरेश पुण्याला गेला.

पुण्यातली पहिली जेवणाची वेळ त्याच्या कायम लक्षात राहिली. पाच महान खेळाडू लांब टेबलाशी बसले होते, आणि सरावाचा भाग म्हणून जेवतानाही पट्टे चालू होते. कुणी काही बोलत नव्हतं. कुणाला मीठ हवं असेल तर मागायच्या आत ते समोर सरकत येई. वाटी रिकामी व्हायच्या आत वरण वाढलं जाई. फक्त चमच्यांचा आवाज. मयूरेशला शेजारच्या आकाशदीपने, म्हणजे त्याच दात गेलेल्या पंजाबी सेंटरने, आधी पोळी दिली, मग काढून घेतली, मग भात दिला, मग तोही काढून घेतला.

"काय झालं?" मयूरेशने विचारलं.

आकाशदीपने आपल्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. पोळी की भात, हे मयूरेशचं ठरलं नव्हतं, आणि पट्टा दोन्हीकडून ठोके देत होता. मयूरेश बराच वेळ उपाशी बसला.

मैदानावर तर हलकल्लोळ उडाला. आपल्याच माणसाच्या हालचालींची चाहूल पट्ट्यांना घ्यावी लागे, त्याशिवाय संघ एकत्र कसा हलणार? मयूरेशने बॉल घेतला की चौघे साथीदार जागच्या जागी थरथरत. दुसऱ्या दिवशी दोघे आपटले. तिसऱ्या दिवशी आकाशदीप हेल्मेट घालून आला.

डॉक्टरबाईंनी उपाय काढला. मयूरेशच्या पट्ट्याला त्याची स्वतःचीच चाहूल जोडली. दोन्हीकडची तयारी एकदम सुरू झाली, की पट्टा करकर वाजे. एकच बाजू पक्की झाली, की हलकासा गोड कंप येई. "तुमच्या शरीराला एक सवय आहे, ती मोडायची," त्या म्हणाल्या. "शरीर शिकतं. सायकल शिकतं तसं."

आणि शरीर शिकलं. पहिले काही दिवस करकरीने त्याचं डोकं उठलं. मग हळूहळू गोड कंप वाढला. डावीकडे म्हणजे डावीकडे. शॉट म्हणजे शॉट. एके दुपारी केतकीचा फोन आला.

"दुकानात पडदे लावायचेत. निळे घेऊ की पिवळे? आता लगेच सांग असं नाही, आठवड्यात—"

"निळे."

केतकीने फोन कानापासून दूर धरून नंबर तपासला.

"कोण बोलतंय?" केतकीने विचारलं.

त्यानंतर तिला रोज धक्के बसत गेले. त्याने फोनवरच वर्षानुवर्षं रखडलेला विमा निवडला. सासूबाईंनी, म्हणजे केतकीच्या आईने, "मागे पाठवलेला चिवडा कसा होता?" असं विचारल्यावर तो ताबडतोब "खवट" म्हणाला. केतकीला आईची समजूत घालायला दोन दिवस लागले. पण खरं सांगायचं तर तिला जरा मजाही वाटत होती. आपण लग्न केलं त्या माणसाचं खरं मत काय आहे, हे तिला पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं.

महिना संपला. डॉक्टरबाईंच्या खोलीत करार तयार होता. मयूरेश खुर्चीत बसला आणि म्हणाला, "एक विचारू? मी किती वेळ खेळणार?"

डॉक्टरबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "फारसा नाही," त्या म्हणाल्या. "तुमची ती सवय गेली, आणि गुडघे तर आधीच गेलेत. आता तुम्ही चांगले, साधे खेळाडू आहात. बाकावर बसाल. पण पदक मिळेल. अगदी पूर्ण पदक."

"मग मला घेताय कशाला?"

"तुम्ही समोर नसावं म्हणून."

त्याला राग आला नाही. महिनाभर त्याला एक गोष्ट खुपत होती, ती एवढ्यात लख्ख झाली. इथे त्याच्याशी कुणी भांडलं नव्हतं. एकदाही नाही. चुकीचा पास गेला तरी कुणी 'डोळे फुटले का' म्हणत नव्हतं, आणि बरोबर गेला तरी पाठीवर थाप नव्हती. जे होणार ते सगळ्यांना आधीच कळलेलं असायचं. मग बोलायचं काय?

"मी येत नाही," तो म्हणाला.

"विचार करायला वेळ घ्या."

"नको. ठरलं."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "आम्हीच शिकवलं," त्या पुटपुटल्या.

नागपुरात त्याचं स्वागत झालं. गाडीवाल्याने तर्रीचं भांडंच पुढे केलं. पण पहिल्या सरावातच सातपुड्याच्या लक्षात आलं, की परत आलेला मयूरेश वेगळाच आहे. तो डावीकडे जाणार हे आता सगळ्यांना कळत होतं. त्यासाठी कॅमेरे लागत नव्हते. डोंगरे सरांना मोतीबिंदू होता, त्यांनाही कळत होतं.

"याच्यापेक्षा तिकडेच राहिला असता तर बरं झालं असतं," शार्दूल म्हणाला. पण म्हणताना त्याने मयूरेशच्या खांद्यावर हात ठेवला होता.

संघाने उपाय करायचं ठरवलं. मयूरेशला पुन्हा गोंधळात पाडायचं. केतकीने त्याला साड्यांच्या सगळ्यात मोठ्या दुकानात नेलं. विक्रेत्याने गादीवर साड्यांचा डोंगर उभा केला. मोरपिशी, चिंतामणी, आमसुली, राखाडी, राखाडीच पण जरा निळसर.

"ही," मयूरेश म्हणाला.

"अरे, अजून तर—"

"हीच. तुला शोभेल."

ती खरंच शोभत होती. केतकीने घेतली आणि दुकानाबाहेर येऊन शार्दूलला फोन केला. "काही उपयोग नाही रे. साडी मात्र छान आहे."

हंगाम सुरू झाला. सातपुडा रडतखडत पुढे सरकत राहिला आणि उपांत्य फेरीत समोर आला पुणे एकचित्त. सामना नागपुरात. मानकापूरचं स्टेडियम खचाखच भरलं, कारण एकचित्तला शिव्या घालायची संधी फुकट घालवायची नागपूरकरांची तयारी नव्हती.

पहिला अर्धा वेळ शिव्यांचाही उपयोग झाला नाही. मयूरेश उडी मारी, आणि त्याच्यासमोर आकाशदीप आधीच हात वर करून उभा असे. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. दर वेळी बॉल त्या पंजावर आपटून बाजूला. विश्रांतीत मयूरेश टॉवेल डोक्यावर घेऊन बसला. शार्दूल शेजारी येऊन ओरडायला लागला.

"दिसत नाही का तुले? तो तिथेच उभा राहते! दर वेळी तिथेच! आणि बॉल दर वेळी माझ्याच अंगावर येऊन राहिला! बाजूला होता होता कमर गेली माझी!"

मयूरेशने टॉवेल काढला.

"काय म्हणालास?"

"कमर गेली म्हटलं."

"त्याच्या आधी."

"बॉल माझ्या अंगावर येऊन राहिला."

मयूरेश त्याच्याकडे बघत राहिला. सात वर्षांच्या भांडणाचा विषय त्याच्या डोळ्यांसमोर उभा होता. शार्दूल पळत नाही. बास्केटच्या डाव्या अंगाला एक जागा आहे, तिथे तो रुजल्यासारखा उभा राहतो. आणि आकाशदीपचा पंजा, यंत्रणेच्या कृपेने, दर वेळी त्याच जागी, त्याच कोनात येतो.

"शार्दूल, आता बाजूला होऊ नकोस," तो म्हणाला. "नुसते हात वर कर."

"पळायचं नाही?"

"अजिबात नाही."

"हे तू शुद्धीत बोलून राहिला ना, दादा?"

दुसऱ्या अर्ध्यात मयूरेशने उडी मारली आणि शॉट मारला. मनापासून, सरळ, पुण्यात शिकवला तसा. त्याची पाठ शॉटला तयार झाली, पोटरी शॉटला तयार झाली. कॅमेऱ्यांनी बघितलं, पट्ट्याने ठोका दिला, आकाशदीपचा पंजा वर आला, बॉल त्यावर आपटला आणि शार्दूलच्या हातांत पडला. शार्दूलने तो बास्केटमध्ये टाकला. त्याला टाचासुद्धा उचलाव्या लागल्या नाहीत.

मग पुन्हा तेच. आणि पुन्हा. एकचित्तच्या बाकावर डॉक्टरबाई उभ्या राहून पडदा तपासत होत्या. यंत्रणेत काही बिघाड नव्हता. तिचा एकही अंदाज चुकत नव्हता. तिने 'शॉट' म्हटलं की शॉटच येत होता, आणि तो अडवला जात होता, आणि गुण सातपुड्याचे वाढत होते. आकाशदीपला काय चाललंय ते कळलं होतं. हात खाली ठेवायचा तो जिवापाड प्रयत्न करत होता. पण पट्ट्याचा ठोका पडला की विचाराआधी पंजा वर जाई. तीन वर्षं शरीराला तेच शिकवलं होतं. शेवटी त्याने एका हाताने दुसरा हात धरून ठेवला. तेव्हा मयूरेशचा शॉट सरळ आत गेला.

सातपुडा चार गुणांनी जिंकला. स्टेडियमचं छत उडायचंच बाकी होतं. ते आजोबा नवा चष्मा हातात धरून नाचत होते, त्यामुळे त्यांना काही दिसत नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर डॉक्टरबाई मयूरेशजवळ आल्या. "एकच सांगा. ते शॉट होते की पास?"

"शॉटच होते."

"पण जावेत शार्दूलकडे, अशी इच्छा होती?"

"हो."

"ते पोटरीत कुठेच दिसलं नाही," त्या म्हणाल्या, स्वतःशीच बोलल्यासारख्या. "आणि तो तिथे असेल, ही खात्री कशी?"

"सात वर्षं त्याच्याशी भांडतोय मी," मयूरेश म्हणाला.

मागून आकाशदीप आला. त्याने पट्टा काढून खांद्यावर टाकला होता. त्याने मयूरेशला मिठी मारली, मग तोंड उघडून नवा दात दाखवला आणि, त्याच्या तोंडून मयूरेशने ऐकलेलं पहिलंच अख्खं वाक्य बोलला, "यार, तुम्हारा सेंटर बहोत आलसी है."

"मले समजते हिंदी!" शार्दूल लांबून ओरडला.

अंतिम सामना दोन दिवसांनी कोल्हापूरच्या संघाशी झाला. त्या संघाकडे पट्टे नव्हते, कॅमेरे नव्हते, आणि त्यांचे खेळाडू कधी कुठे उभे राहतील ते त्यांच्या प्रशिक्षकालाही ठाऊक नसे. मयूरेशचे शॉट कुणी ठरल्या जागी अडवेना. कधी अडवले, तर बॉल भलतीकडेच जाई. सातपुडा एकवीस गुणांनी हरला.

ड्रेसिंग रूममधून सगळे गेले तरी मयूरेश बुटांच्या नाड्या सोडवत बसला होता. केतकी आत आली. नवी साडी नेसून आली होती. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली.

असे हरलेले सामने त्यांच्या संसारात पुष्कळ झाले होते. दर वेळी ती विचारायची, वाईट वाटतंय का, आणि तो म्हणायचा, तसं वाटतंय, तसं नाहीही, बघू. मग तिला पुढे काय बोलावं ते सुचत नसे, आणि दोघं गप्प गप्प घरी जात.

"वाईट वाटतंय?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला. लगेच. "फार. मला तो करंडक पाहिजे होता, केतकी. खूप पाहिजे होता."

आणि तो रडायला लागला. सहा फुटांचा, केस मागे सरकलेला माणूस, एका पायात बूट, एक पाय उघडा. केतकी क्षणभर गोंधळली. इतक्या वर्षांत हे तिने पाहिलं नव्हतं. मग तिने नव्या साडीचा पदर त्याच्या हातात दिला. त्याने त्यात चांगलं खसखसून नाक पुसलं, आणि तिने पदर आणखी थोडा पुढे केला.